घेतो का रे तू इकडे?

ऑक्टोबर लागला की आमच्या गल्लीतली झाडं वेड्यासारखी वागायला लागतात. वर्षभर मुकाट्यानं हिरवी राहिलेली मेपलची झाडं बघता बघता पिवळी होतात, मग तांबडी, मग उघडी. शनिवारी सकाळी पानं उडवणाऱ्या यंत्रांची घरघर सुरू होते. ह्याच्या अंगणातली पानं त्याच्या अंगणात जातात आणि दुपारच्या वाऱ्यानं पुन्हा ह्याच्याकडे येतात. दुकानांत भोपळ्याचा नुसता सुकाळ असतो. कॉफीत भोपळा, बिस्किटात भोपळा, हात धुवायच्या साबणातसुद्धा भोपळा. आणि नेमक्या ह्याच दिवसांत डोंगरातल्या त्या छोट्या ब्रुअरीचा ईमेल येतो, की पानगळीची नवी बिअर तयार आहे, शुक्रवारी सकाळी विक्री सुरू होईल, कॅन थोडेच आहेत, घाई करा.

ह्या वर्षीचा ईमेल परवा आला. मी तो उघडला, वाचला, कॅनचं चित्र मोठं करून पाहिलं, आणि दरवर्षीसारखा तिथेच अडकलो. प्रश्न एवढाच, की मला ही बिअर हवी आहे की नको? मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासतो. एखादी गोष्ट चालते की चालत नाही, हे ठामपणे सांगण्याचा मला पगार मिळतो. पण त्या चित्राखालच्या बटणासमोर माझं डोकं चालेनासं होतं. प्रज्ञा, माझी बायको, मागून जाता जाता म्हणाली, "अरे, एक तर ऑर्डर कर नाहीतर डिलीट कर. असा बघत काय बसतोस, परीक्षेचा निकाल लागल्यासारखा?" मी लॅपटॉप मिटला. म्हणजे दोन्ही केलं नाही.

हे प्रकरण सुरू झालं साथीच्या दिवसांत. ऑफिस बंद, शाळा बंद, आणि उत्तर व्हर्जिनियातल्या आमच्या ह्या गल्लीत माणसं एकमेकांना कुंपणावरून ओरडून भेटत होती. शेजारचा डेव्ह एकदा ओरडून म्हणाला, की डोंगराकडची एक ब्रुअरी बुडायला आलीय, त्यांची बसायची जागा बंद आहे, तेव्हा ते आता थेट घरी खोकं पाठवतात, तूही मागव. मी मागवलं. निम्मं त्यांची दया येऊन आणि निम्मं कंटाळ्यानं. तोवर कधी पार्टीत एखादा ग्लास हातात घेतला असेल तेवढाच. त्या खोक्यातून निघालेले कॅन मात्र मी चकित होऊन पाहत बसलो. एकावर झोपलेलं अस्वल, एकावर छत्री घेतलेला मासा, एकाचं नाव ‘सॉरी, शेजारी’. आणि वर्णनं तर अशी, की वाचून माणसानं खुळं व्हावं. हिच्यात धणे आणि समुद्राचं मीठ, हिच्यात ओटचं पीठ, ही मुद्दाम गढूळ ठेवलेली, ही मुद्दाम आंबट. मी ज्या घरात वाढलो तिथे ‘दारू’ हा एकच शब्द होता आणि तो पुरेसा होता. त्या एका शब्दाच्या पोटात इतक्या खोल्या असतील, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

कायद्याचा गोंधळ आणखी निराळा. आमच्या राज्यात ब्रुअरीवाले बिअर कुरिअरनं घरी पाठवू शकतात. शेजारच्या राज्यात, कॅरीत राहणाऱ्या शिरीषला, माझ्या नागपूरच्या कॉलेजातल्या मित्राला, मी मोठ्या उत्साहानं ती वेबसाइट दिली. त्यानं पत्ता टाकला तर उत्तर आलं, क्षमस्व, तुमच्या राज्यात पाठवता येत नाही. तो फोनवर वैतागून म्हणाला, "वाइन येते यार माझ्याकडे, बिअर नाही येत. द्राक्षं चालतात, जव चालत नाहीत. ह्यात लॉजिक काय?" मी म्हटलं, मला विचारू नको. एका रेषेच्या अलीकडे जे चालतं ते पलीकडे चालत नाही, आणि ती रेषा कुणी, का आखली, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक नसतं. तेव्हा हे मी गमतीनं बोललो होतो.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यानंच घातला. नागपुरात आमच्या वस्तीत ‘घेणं’ हे क्रियापद दोन आवाजांत बोललं जायचं. एखाद्याबद्दल "तो घेतो" असं कुणी म्हणालं, तर ते खालच्या आवाजात, इकडेतिकडे पाहून. म्हणजे तो पितो. आणि "त्यानं घेतलं" असं म्हटलं तर ते ताठ मानेनं, चारचौघांत. म्हणजे त्यानं पंचशील घेतलं. संध्याकाळी विहारात पांढरे कपडे घालून मंडळी जमायची, उदबत्तीचा वास गल्लीभर जायचा, आणि आम्ही पोरं मोठ्यांच्या मागून पाचही शीलं म्हणायचो. त्यातलं पाचवं नशेपासून लांब राहायचं. पाचव्याला बायकांचा आवाज जरा चढायचा, हे मला अजून आठवतं. दारू सगळ्याच वस्त्यांत होती. आमच्या लोकांनी ती ठरवून सोडली होती, एकमेकांच्या हाताला धरून सोडली होती, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. माझे बाबा वीज मंडळात नोकरीला होते. कामावरून आल्यावर सायकल काढून ते कुणाकुणाच्या घरी जायचे, चहा प्यायचे, तासभर गप्पा मारायचे आणि उठताना सहज विचारायचे, "मग, येतो का उद्या विहारात?" ते कुणाला ‘सोड’ म्हणाल्याचं मला आठवत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एका पानगळीत बाबा आमच्याकडे होते. माझ्या बहिणीचं बाळंतपण जवळ आलं होतं म्हणून आई नागपुरातच थांबली आणि बाबा एकटे आले. विमानतळावरून येताना गाडीत सीटबेल्टशी झटापट करत त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती माझ्या मुलीची. "मेत्ता सात वर्षांची झाली नं?" झाली, म्हटलं. बेल्टचा खटका लागला तसे ते मागे टेकले. मग म्हणाले, "मी सात वर्षांचा होतो. बापाच्या खांद्यावर बसलो होतो. नागपुरात एवढी माणसं मी पुन्हा कधी पाहिली नाही. लाउडस्पीकर लांब होता, मला काही समजत नव्हतं. मला फक्त बापाचा आवाज येत होता. तो म्हणे, त्याच्या मागून मी म्हणे. तसं घेतलं मी." आणि मग त्यांनी मनातलं सांगून टाकलं. ऑक्टोबरात आमच्या भागातली बौद्ध कुटुंबं लायब्ररीच्या सभागृहात जमतात, धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करतात. त्या दिवशी मेत्तानं पंचशील घ्यावं. आणि तिला ते त्यांनी नाही, मी द्यावं. "माझ्या तोंडून नको. बापाच्या तोंडून ऐकलेलं राहते," ते म्हणाले. ह्या एका गोष्टीसाठी त्यांनी एवढा लांबचा प्रवास केला होता. मी हो म्हटलं. कोण नाही म्हणेल?

त्यानंतर घरात एक वेगळाच वास भरून राहिला. प्रज्ञा त्यांच्यासाठी वांग्याचं भरीत करायची, ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याला चुलीचा वास नाही म्हणून ते रोज हळहळायचे आणि रोज दोनदा वाढून घ्यायचे. दुपारी शाळेची बस आली की आजोबा-नात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे. ते एक एक शब्द सांगायचे, ती म्हणायची. पाचव्याशी मात्र तिची गाडी अडायची. त्यातला ‘मज्ज’, म्हणजे मद्य, हा शब्द तिला ‘मज्जा’ ऐकू यायचा, आणि ‘मज्जा’ हा तिला येत असलेल्या मोजक्या मराठी शब्दांपैकी एक. "आजोबा, सो द फिफ्थ वन मीन्स नो मज्जा?" तिनं एकदा गंभीरपणे विचारलं. बाबा गोंधळले. मग म्हणाले, "नाही गं बाई. मज्जा कर. डोकं जागेवर ठेवून कर." तिला ते पटलं. मी बाजूला भांडी डिशवॉशरमध्ये लावत होतो, हातातली ताटली तशीच धरून उभा राहिलो. गॅरेजातल्या छोट्या फ्रिजमध्ये तेव्हा मागच्या खोक्यातले काही कॅन शिल्लक होते. मी ते लपवले नव्हते. गॅरेजात बाबा जात नसत, एवढंच.

एका रविवारी सकाळी मी आणि बाबा घरामागच्या लाकडी डेकवर चहा घेत बसलो होतो. थंडी पडायला लागली होती, बाबांनी मफलर गुंडाळला होता. डेकवर पानांचा खच पडला होता आणि ते पायानं एक एक पान बाजूला सारत होते. सारता सारता त्यांनी विचारलं, "घेतो का रे तू इकडे?"

आवाज ना खालचा, ना वरचा. अगदी साधा, चहात साखर बरोबर आहे का विचारावं तसा. मला वाटलं, गॅरेजात गेले असणार. खोटं बोलायचं नाही, एवढं मी ठरवलं.

"घेतो बाबा. म्हणजे, कधीतरी. शनिवार-रविवारी."

"रोज नाही होत?"

"रोज? छे, रोज कसं."

"नोकरीत वेळ कुठे भेटते म्हणा. एकटाच घेतो?"

"प्रज्ञा बसते कधीकधी सोबत."

"अन् मेत्ता?"

"ती असते आसपास. तिच्यापासून लपवत नाही मी."

"लपवायचं काय त्यात?" बाबा एकदम खुलले. "पोरांनी पाहिलंच पाहिजे. आठवड्यातून एकदा तर एकदा. सोडू नको फक्त."

आणि त्यांनी समाधानानं उरलेला चहा संपवला. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. ज्या माणसानं अख्ख्या वस्तीतल्या संध्याकाळी ह्या कामात घालवल्या, तो मला सोडू नको म्हणतोय? वय झाल्यावर माणसं मऊ होतात म्हणतात, पण इतकी? अमेरिकेची हवा लागली? मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण त्या आनंदाखाली काहीतरी बारीक खुपत होतं, बुटात खडा गेल्यासारखं. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं. त्यांनी रागवावं, अशी माझी कुठेतरी अपेक्षा होती, आणि ते रागावले नाहीत तर मग मी इतकी वर्षं कुणाला घाबरत होतो?

प्रज्ञाला सांगितलं तर ती कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली. "बाबा असं म्हणाले? सोडू नको?"

"शब्दशः."

"मला नाही वाटत ते त्याबद्दल बोलत होते. तू नीट विचारलंस का, काय घेतो ते?"

"आता त्यात विचारायचं काय? घेतो का म्हणजे घेतो का."

"बघ बाबा," ती म्हणाली. मुंबईकडची माणसं ‘बघ बाबा’ म्हणतात तेव्हा पुढे काहीतरी होणार हे नक्की असतं. मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि त्या शुक्रवारी पानगळीची नवी बिअर मागवली. उजळ माथ्यानं, अगदी वडिलांच्या परवानगीनं.

खोकं आलं तेव्हा मी ऑफिसात होतो. बिअरचं खोकं कुरिअरवाला दाराशी ठेवून जात नाही, सज्ञान माणसाची सही लागते, ओळखपत्र लागतं. संध्याकाळी घरी आलो तर खोकं टेबलावर मधोमध होतं आणि समोर बाबा बसले होते. त्यांनी ते उघडलं नव्हतं. वरचं लेबल मात्र वाचलेलं दिसत होतं, कारण चष्मा कपाळावर होता.

"तुझं खोकं आलं," ते म्हणाले. "सही घेतली माझी. पासपोर्ट दाखवला. पोरगं विचारत होतं, एकवीस पूर्ण आहे का. मी म्हटलं, सेव्हंटी-फोर कम्प्लीट, सेव्हंटी-फाइव्ह रनिंग. लय हसलं."

मीही हसलो. ते हसले नाहीत.

"हे तू घेतो?"

"हो... मी सांगितलं होतं ना बाबा. डेकवर. शनिवार-रविवारी."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खोक्याकडे पाहिलं. मग फार हळू आवाजात म्हणाले, "मी हे नव्हतं विचारलं रे."

तेव्हा मला उलगडलं. त्यांनी पंचशील विचारलं होतं. इथे, परक्या मुलखात, वंदना करतो का, शील घेतो का, हे विचारलं होतं. आणि मी त्यांना शनिवार-रविवार सांगितला होता.

"मी तुझ्या आईला फोनवर सांगितलं," बाबा म्हणाले. "तिनं विहारात सांगितलं असेल. मीही दोन-चार लोकांना कळवलं. म्हटलं, पोरगा अमेरिकेतही घेतो. आठवड्यातून दोनदा. बायकोला सोबत घेऊन, पोरीसमोर. लपवत नाही."

पलीकडे भाजी चिरणाऱ्या प्रज्ञाचा आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग तिला हसू आवरेना. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचेही खांदे हलायला लागले. मग मीही. आम्ही तिघं त्या खोक्याभोवती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मेत्ता धावत आली, "व्हॉट? व्हॉट हॅपन्ड?" म्हणून विचारत राहिली आणि कुणीच तिला सांगू शकलं नाही. मग बाबांचं हसणं आधी थांबलं. त्यांनी मफलरनं डोळे पुसले, उठले, आणि नातीला घेऊन पानं गोळा करायला बाहेर गेले. मेत्ताला शील मी द्यायचं की नाही, ह्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

चिडले असते तर सोपं गेलं असतं. चिडलेल्या बापाशी भांडता येतं. माझ्याकडे मुद्दे तयार होते. मूळ शब्द नशेत बेसावध होण्याबद्दल आहे, आणि मी काही बेसावध होत नाही, एक कॅन दोन संध्याकाळी पुरवतो. ही काही गुत्त्यावरची दारू नाही, माणसं धणे-मीठ घालून प्रेमानं करतात, चार घरं त्यावर चालतात. इथल्या मराठी मंडळातले मित्र म्हणतात तसं, "बिअर तर आहे यार, पाणीच ते." पण त्यांना ते म्हणणं सोपं आहे. त्यांच्या घरात तो वजन वाढण्याचा प्रश्न असतो किंवा सासूबाईंना न कळू देण्याचा. आमच्या घरात माणूस म्हणून उभं राहायला शिकताना जे पाच शब्द धरले, त्यातला तो एक आहे. माझ्या आजोबांनी तो घेतला म्हणून बाबा वीज मंडळात गेले, बाबांनी तो धरला म्हणून मी ह्या डेकवर चहा पितोय. हे मला कळतं. आणि तरी शुक्रवारी विक्री सुरू झाली की माझं मन त्या झोपलेल्या अस्वलाकडे जातं, हेही खरं. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, ते मला समजत नाही.

खोकं मी गॅरेजात नेऊन ठेवलं आणि उघडलं नाही. का, ते सांगता येणार नाही. पश्चात्ताप म्हणावा तर तो नव्हता. मधे एकदा बाबाच म्हणाले, "दाखव तर, काय लिहिते त्याच्यावर." मी एक कॅन काढून दिला. त्यांनी तो उजेडात धरून, बोटानं ओळ धरत वर्णन वाचलं, आणि मी मराठी करून सांगितलं. ओल्या गवताचा वास, पपनसाची चव, शेवटी जुन्या चामड्याच्या खुर्चीची आठवण. बाबांनी कॅन परत दिला. "हे पितात, का ह्याच्यावर बसतात?" त्यांनी विचारलं. तेवढाच त्यांचा शेरा. त्या दुपारी मात्र ते नातीला पाचवं शील इतर दिवसांपेक्षा जास्त वेळ शिकवत बसले, असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटायचंच होतं.

वाचणाऱ्याला वाटेल, ह्यानं पुढे सोडली की नाही ते एकदाचं सांगून टाकावं. सांगतो. पुढच्या पानगळीत मागवली आणि खोकं आल्या आल्या डेव्हला देऊन टाकलं. तो बिचारा अजून विचारतो, की तुझी तब्येत बरी आहे ना. नंतर एका हिवाळ्यात मागवली आणि बर्फ पाहत प्यालो. दोन्ही वेळा बरं वाटलं आणि दोन्ही वेळा कुणालातरी फसवल्यासारखं वाटलं, फक्त कुणाला ते दरवेळी बदललं. बाबा आता नागपुरात आहेत, ठणठणीत आहेत. दर रविवारी व्हिडिओवर बोलतो. बहिणीचं बाळ, आईचे गुडघे, संत्र्याचा भाव, इथली थंडी, सगळं बोलतो.

त्या सभागृहातली सकाळ मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. शनिवार होता. मेत्ता पांढऱ्या फ्रॉकवर जांभळं जॅकेट घालून गाडीत मागे बसली होती आणि ओठांतल्या ओठांत उजळणी करत होती. सभागृहात घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मागच्या टेबलावर लोकांनी आणलेल्या पुलाव-मसालेभाताची झाकलेली पातेली होती. समोर टेबलावर मूर्ती, फुलं, आणि आग लागल्याची घंटा वाजू नये म्हणून विजेवरच्या मेणबत्त्या. सगळी व्यवस्था बघणाऱ्या मेश्राम काकूंनी विचारलं, "काका, नातीला तुम्हीच देणार ना?" बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिचा बाप देईल," ते म्हणाले आणि पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मी मेत्ताच्या समोर गुडघ्यांवर बसलो, म्हणजे आमची तोंडं एका उंचीवर आली. तिनं हात जोडले. मी पहिलं म्हटलं, तिनं मागून म्हटलं, आणि तिच्यामागून सगळ्यांनी. दुसरं, तिसरं, चौथं. माझा आवाज ओळखीचा वाटत होता. थोडा बाबांसारखा, हे मला पहिल्यांदाच जाणवलं. आणि मग पाचव्याचा पहिला शब्द ओठांशी आला आणि मी थांबलो. ठरवून थांबलो नाही. शब्द येत होते, पाठ होते, लहानपणापासून पाठ होते. पण समोर ती दोन डोळे माझ्या तोंडाकडे लावून वाट पाहत होती, आणि मी जे म्हणेन ते ती जन्मभर माझ्या आवाजात ऐकणार होती. खोटं कसं म्हणू? आणि न म्हणून कसं चालेल? कुणीतरी खुर्ची सरकवली. मला वाटलं, आता बाबा उठतील आणि ते स्वतः म्हणतील, आणि सुटेन मी.

बाबा उठले नाहीत. बसल्या जागेवरून, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तुझं तू पाह्य. पोरीला थांबवून नको ठेवू."

मी म्हटलं. शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं. मेत्तानं माझ्या मागून म्हटलं, एक अक्षर न चुकता, आणि सगळ्यांनी तिच्या मागून. साधू, साधू, साधू झालं. लोक उठायला लागले, मागे पातेल्यांची झाकणं निघाली. मेत्ता हलली नाही. जोडलेले हात तसेच ठेवून ती माझ्याकडे बघत होती.

"नाउ यू, बाबा," ती म्हणाली. "आय से इट, यू से इट आफ्टर मी."

असं करतात हे तिला कुणी शिकवलं होतं, की तिनंच ठरवलं, कोण जाणे. "फक्त लास्ट वन. यू गॉट स्टक ना," ती म्हणाली. आणि तिनं पाचवं पुन्हा म्हणायला सुरुवात केली. सावकाश, मला झेपेल असं तोडून तोडून, एकेक शब्दानंतर थांबून. मी तिच्या मागून म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला, की तिला मान पुढे करून माझ्या ओठांकडे पाहावं लागलं. शेवटचा शब्द झाल्यावर तिनं मोठ्या माणसासारखी मान हलवली आणि पळत जेवणाच्या रांगेत गेली.

बाबा त्याच खुर्चीवर बसून होते, अगदी हाताच्या अंतरावर. त्यांना ते ऐकू गेलं का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.